विंडोज दरवेळी वेगळ्याच जागी अडकत असेल तर आधी रॅम आणि विजेची लाईन पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की दिग्रस तालुक्यातल्या गावात तुम्ही ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर टाकून राहिले, त्यासाठी नागपूरहून पार्ट आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (नवी वेगवान डिस्क), आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्डडिस्क. विंडोज ११ टाकताना एकदा २३ टक्क्यांवर झीरो एक्स ८००७०२५डी हा एरर आला, एकदा ६१ वर झीरो एक्स ८००७०५७० आला, एकदा निळा स्क्रीन येऊन मशीन रिस्टार्ट झाली आणि एकदा सगळं पूर्ण होऊन पहिल्या रिस्टार्टनंतर लटकली. दोन पेनड्राईव्ह झाले, तीन आयएसओ (विंडोजची डाऊनलोड केलेली फाईल) झाल्या, आणि दुकानवाला म्हणतो पार्ट एकदम ओके आहेत, तुमची विंडोजच खराब आहे.

मला नाही वाटत तसं. विंडोज अडकली की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो, दरवेळी त्याच जागी अडकते की वेगवेगळ्या जागी? दहादा करा आणि दहाही वेळा तोच मेसेज, तीच जागा, तर गडबड सेटिंगमध्ये नाहीतर आयएसओत, पेनड्राईव्हमध्ये असते, कारण ती चूक हलत नाही, जिथल्या तिथे असते. पण आज २३ ला, उद्या ६१ ला, परवा निळा स्क्रीन, असं भटकत असेल तर ते हार्डवेअर असतं, आणि हार्डवेअरमध्ये बहुतेक वेळा रॅम, नाहीतर लाईन, नाहीतर गरमी. तुमचं भटकतं आहे, आणि तीन आयएसओ बदलूनही भटकतं आहे, म्हणून चौथी आयएसओ शोधत बसू नका, २ जीबीचा रोजचा पॅक जाळून काही हाती लागणार नाही.

आता असं होतं काहून? विंडोजची सगळी फाईल पेनड्राईव्हवर दाबून ठेवलेली असते, एका मोठ्या गाठोड्यासारखी. इन्स्टॉल होताना ते गाठोडं थोडं थोडं रॅममध्ये येतं, तिथे प्रोसेसर ते उलगडतो, आणि मग एनव्हीएमईवर लिहितो. प्रत्येक तुकडा उलगडला की त्याचा हिशोब जुळतो का हे सेटअप पाहत असतं. रॅममध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी हिशोब जुळत नाही, आणि मग सेटअप म्हणतं फाईल करप्ट आहे. त्या बिचाऱ्याला वाटतं फाईल खराब होती, खरं तर फाईल चांगलीच आली होती, वाटेत खराब झाली. तुमचे ते दोन्ही एरर याच जातीचे आहेत. नवीन जोडलेल्या मशीनवर इतका मोठा डेटा एका दमात रॅममधून जाण्याची ती पहिलीच वेळ असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तासभर बसून राहिलात तरी मशीन ठणठणीतच दिसणार.

तर आज रात्री हे करा. वायर काढून, पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलासुरला करंट निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग कव्हर काढा. जुन्या हार्डडिस्कची साटा केबल आणि पॉवर दोन्ही काढून ठेवा. का ते खाली सांगतो, पण हे न करता पुढे जाऊ नका. मग एक रॅम काढून बाजूला ठेवा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर राहिलेली रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, दोनच स्लॉट असतील तर एकट्या स्टिकसाठी (म्हणजे रॅमच्या पट्टीसाठी) कोणता ते मॅन्युअलमध्ये चित्र असतं. दाबताना दोन्ही बाजूंनी सारखा जोर द्या, कट असा आवाज आला पाहिजे. नवीन बोर्डाचे स्लॉट फार कडक असतात, आपण घाबरून हलक्या हाताने लावतो, आणि एक बाजू अर्धा मिलिमीटर वर राहून जाते. मशीन तरीही चालू होते, हाच तर त्रास आहे.

मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग) बंद करा, तुमच्या बोर्डावर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असं काही असेल. तुम्ही लिहिलं की दोन रॅम वेगवेगळ्या कंपनीच्या आहेत कारण दुकानात एकच शिल्लक होती, आणि एक्सएमपी तुम्ही व्हिडिओ पाहून पहिल्याच दिवशी चालू केली. इथेच माझा जास्त संशय आहे. डब्यावर ३२०० हा स्पीड लिहिला असतो तो बहुतेक वेळा एक्सएमपी लावल्यावरचा, आणि दोन वेगळ्या कंपनीच्या स्टिक एकमेकींसोबत त्या स्पीडला नांदतील याची गॅरंटी कोणी देत नाही. ती बंद केली की रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालेल, हळू चालेल पण नीट चालेल, आणि आपल्याला आत्ता तेच पाहिजे. विंडोज व्यवस्थित बसली, आठवडाभर नीट चालली, की मग चालू करून पाहा.

एका स्टिकवर इन्स्टॉल झालं तर ती काढून दुसरी लावा, त्याच स्लॉटमध्ये, आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करा. हो, कंटाळवाणं आहे, पण स्टिक आणि स्लॉट दोन्ही एकदम बदलले तर काय खराब होतं ते कधीच कळत नाही. इथून पुढे एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी कितव्या टक्क्याला काय झालं ते वहीत लिहून ठेवा.

विंडोजच्या भरवशावर न राहता रॅम तपासायची असेल तर मेमटेस्ट८६+ पेनड्राईव्हवर टाका, छोटी फाईल आहे, मोबाईलच्या नेटवर लगेच उतरते. ती विंडोजशिवाय थेट बूट होते. चालू होत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम बूट होऊ न देणारं सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करा. रात्री जेवण झाल्यावर लावून द्या आणि सकाळी पाहा, एक फेरी पुरेशी नाही, किमान चार होऊ द्या. एकही एरर चालत नाही. "शंभर कोटींत एकच चुकला ना भाऊ" असं मला एक जण म्हणाला होता, पण तो एक चुकलेला आकडा उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या खाते नंबरात बसला तर काय करता. स्क्रीनवर लाल ओळी दिसल्या की मोबाईलने फोटो काढा, बॅच नंबरसकट स्टिकचाही फोटो काढा, आणि दुकानात तेच दाखवा. "विंडोज होत नाही" म्हटलं तर ते टोलवतील, मेमटेस्टच्या फोटोला उत्तर नसतं.

आता ती जुनी हार्डडिस्क. दोन कारणं आहेत. पहिलं असं की दुसरी डिस्क लावलेली असली तर विंडोज कधी कधी बूटची फाईल त्या डिस्कवर टाकून देते आणि स्वतः एनव्हीएमईवर बसते. सगळं चालतं, पण सहा महिन्यांनी जुनी डिस्क मेली की नवीन एनव्हीएमईवरची विंडोजही उठत नाही, आणि कोणाला समजत नाही काहून. दुसरं कारण मला अजून टोचतं. २०१४ मध्ये एका घरी मी डिस्कपार्टमध्ये (डिस्क पुसायची, विभागायची कमांड) सिलेक्ट डिस्क झीरो केलं, क्लीन मारलं, एंटर दाबलं, आणि डिस्क झीरो ही नवीन नव्हती, जुनी होती. पोरीच्या लग्नाचे फोटो होते त्यात, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. रिकव्हरी करून थोडे मिळाले, बरेच गेले. त्या काकू मला काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तेव्हापासून जी डिस्क पुसायची नाही तिची केबल मी हाताने काढून टेबलावर ठेवतो, बायोसमधून बंद करण्यावरसुद्धा भरवसा ठेवत नाही. डिस्कपार्टमध्ये नंबर नाही, साईझ पाहा. लिस्ट डिस्क केल्यावर ४६५ च्या आसपास जीबी दिसते ती तुमची ५०० वाली.

रॅम दोन्ही पास झाल्या तर लाईनकडे या. आपल्याकडे याकडे कोणी पाहत नाही, आणि शहरातले व्हिडिओ बनवणारे तर याचं नावही घेत नाहीत कारण त्यांना ते भोगावंच लागत नाही. दारव्हा तालुक्यात एका मास्तरांच्या घरी असंच मशीन होतं, नवीन कोरं, दिवसा इन्स्टॉल होत होतं आणि संध्याकाळी कधीच नाही. मी दोन चकरा मारल्या, रॅम बदलली, एसएसडी बदलली. तिसऱ्या वेळी संध्याकाळी साडेसहाला गेलो, हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते, आणि कॅबिनेटला बोट लागलं तर मुंग्या आल्यासारखं झालं. मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल १७८ व्होल्ट, पाहिजे २३०. एक प्रोब कॅबिनेटला आणि दुसरा अंगणात ओल्या मातीत ठोकलेल्या सळईला लावला तर ९१. ते ९१ कुठून आलं? एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला पॉवर देणाऱ्या डब्याच्या) आत फिल्टरचे छोटे कॅपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींवरून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग असली तर तो करंट गुपचूप जमिनीत जातो, नसली तर लाईनच्या जवळपास निम्मं व्होल्टेज कॅबिनेटवर येऊन बसतं. मास्तरांच्या बोर्डात तीन पिनचं सॉकेट होतं पण मोठ्या पिनच्या मागे वायरच नव्हती, आणि आपल्या गावांत बऱ्याच घरांत तेच असतं.

वरून त्या स्वस्तातल्या एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट २०० ते २४० लिहिलेलं होतं. १७८ वर तो कसाबसा चालत होता, आणि फाईल उलगडताना प्रोसेसरने जोर लावला की दम तोडत होता. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचून पाहा. मास्तरांकडे वायरमनला बोलावून नीट अर्थिंग करून घेतली, खड्डा, कोळसा, मीठ, सळई, आणि वर पाणी टाकायला पाईप. ते पाणी महत्त्वाचं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात मेलेली असते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका. मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजलं तर दोन-तीन व्होल्टच्या आत असावं, आणि फेज ते अर्थ साधारण फेज ते न्यूट्रल इतकंच. हे मोजायची सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, लाईनशी खेळू नका. तोपर्यंत व्होल्टेज चांगलं असतं तेव्हा, म्हणजे पहाटे नाहीतर रात्री अकरानंतर, इन्स्टॉल करून पाहा. पहाटे होत असेल आणि संध्याकाळी होत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

गरमीचं पटकन सांगतो. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये प्रोसेसरचं टेंपरेचर पाहा, दहा मिनिटं तसंच राहू द्या. उन्हाळ्यात पन्नाशीत असलं तरी चालतं, पण नुसतं बायोसमध्ये बसून ८० च्या वर चढत असेल तर कूलर नीट बसलेला नाही, एखादा स्क्रू सैल आहे किंवा बाहेरून घेतलेल्या कूलरच्या बुडाची प्लास्टिकची पन्नी काढायची राहिली. स्क्रू आळीपाळीने, तिरप्या जोडीने आवळा. आणि हवेच्या कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवू नका. मे महिन्यात सगळे ठेवतात कारण माणसाला बरं वाटतं, पण ती ओली हवा रॅमच्या आणि स्लॉटच्या सोनेरी दातांना खाते.

ज्यांचं दरवेळी एकाच जागी अडकतं त्यांच्यासाठी थोडं, कारण हा प्रश्न वाचून बाकीचेही येतील. "या पीसीवर विंडोज ११ चालू शकत नाही" आलं तर बायोसमध्ये एफटीपीएम (सुरक्षेचं सेटिंग) चालू करा, इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायचं सेटिंग) बंद करून सिक्युअर बूट लावा. डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) आहे म्हणून नाही म्हणत असेल तर डिस्क आधी वापरलेली आहे, आणि जीपीटी (नवी पद्धत) आहे म्हणून नाही म्हणत असेल तर तुम्ही पेनड्राईव्ह जुन्या पद्धतीने बूट केला. बूट मेनूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो, ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलं आहे तोच घ्या. ड्राईव्हच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेल ११ वी जनरेशन किंवा पुढचा असेल तर व्हीएमडी नावाचं सेटिंग बंद करा नाहीतर बोर्डाच्या साईटवरून आरएसटीचा (इंटेलच्या स्टोरेजचा) ड्रायव्हर पेनड्राईव्हवर घेऊन लोड ड्रायव्हर करा. मीडिया ड्रायव्हर पाहिजे असा मेसेज आला तर पेनड्राईव्ह मागच्या काळ्या यूएसबी २ च्या पोर्टला लावून पाहा, तरी नाही झालं तर आयएसओ अर्धवट उतरली आहे. आपल्याकडे नेट तुटत तुटत चालतं, एवढी मोठी फाईल तुकड्यातुकड्याने उतरवताना ती खराब होणं काही नवल नाही. मायक्रोसॉफ्टच्या डाऊनलोडच्या पानावर हॅश (फाईल पूर्ण उतरली का ते जुळवायचा लांब आकडा) दिलेला असतो, विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने आपल्या फाईलचा हॅश काढून जुळवा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बाजारातला दीडशे रुपयांचा ६४ जीबीचा पेनड्राईव्ह वापरू नका, त्यात आत बहुतेक वेळा बरीच कमी जागा असते, पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रामने खरी साईझ कळते.

पहिल्या रिस्टार्टनंतर पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारत असेल तर ती खराबी नाही, पेनड्राईव्ह परत बूट झाला, रिस्टार्ट होताना काढून घ्या. शेवटी नेट मागतं आणि वायफाय दिसत नाही तेव्हा मोबाईल केबलने लावून यूएसबी टिथरिंग चालू करा, अँड्रॉईड फोन बहुतेक वेळा लगेच नेटवर्क म्हणून दिसतो. अडकल्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते, तिथे नोटपॅड लिहा, ओपन करून एक्स ड्राईव्हमध्ये विंडोज आणि त्यात पँथर फोल्डरमधली सेटअपची लॉग वाचा, शेवटच्या दहा ओळी पुरतात.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की विंडोज १० टाका नाहीतर ती लाईट वाली आयएसओ टाका, ती होते. होईलही कदाचित, फाईल कमी असल्या की चुकीची संधी कमी. पण रॅम खराबच राहील, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि लाईट आयएसओत कोणी काय भरलं ते आपल्याला माहीत नसतं. तुमच्या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार, पासबुक, सातबारा येणार आहेत, ओटीपी येणार आहेत. म्हातारी माणसं तुमच्यावर भरवसा ठेवून अंगठा टेकवतील. त्या मशीनवर असली विंडोज टाकू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

बायोस अपडेट सगळ्यात शेवटी. जुन्या बी४५० वर ५६००जी साठी नवा बायोस लागतो हे खरं, पण तुमच्याकडे डिस्प्ले येतो आहे म्हणजे प्रोसेसर ओळखला आहे. रॅमची जुळणी नवीन बायोसने सुधारू शकते, म्हणून करायचं तर करा, पण चांगल्या यूपीएसवर. इन्स्टॉल चालू असताना लाईन गेली तर फार तर परत इन्स्टॉल करावं लागेल, बायोस लिहिताना गेली तर बोर्डच जाऊ शकतो.

आणि दोन्ही स्टिक एकेकट्या पास, दोन्ही मिळून फेल, असं निघालं तर दोन्ही २६६६ वर सोबत चालवून पाहा. तसं चाललं तर तसंच राहू द्या, फॉर्म भरायला तेवढं पुष्कळ आहे. एक स्लॉट कोणत्याच स्टिकला घेत नसेल तर प्रोसेसर काढावा लागेल. या प्रोसेसरला पिना खाली त्याच्याच अंगाला असतात, एखादी वाकली की रॅमची एक बाजू मरते. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग वायर काढून कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलका फिरवा, नाहीतर प्रोसेसर त्याच्यासोबत सॉकेटमधून उपटून येतो. मग मोबाईल जवळ धरून पिनांचा उजेडात फोटो काढा, मोठा करून ओळीओळीने पाहा. वाकलेली दिसली तर स्वतः सरळ करायला जाऊ नका, फोटो मला दाखवा.